अभिस्तर पेशी : प्रकार आणि कार्य

शरीराचा बाह्य पृष्ठभाग आणि पोकळ अवयवांचे आतील अस्तर ज्या पेशींनी बनलेले असते, त्यांना अभिस्तर पेशी म्हणतात. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून सलग थर तयार करतात. हा थर पातळ आधारपटलावर टेकलेला असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण खालच्या ऊतीतून झिरपत येते.

पेशींचा आकार आणि थरांची संख्या यांवरून त्यांचे प्रकार ठरतात आणि प्रत्येकाची रचना त्याच्या कामाला साजेशी असते. फुप्फुसांतील वायुकोशांना चपट्या पेशींचा एकच थर असतो. त्यामुळे प्राणवायू सहज रक्तात उतरतो. त्वचा, तोंड आणि अन्ननलिका यांना सतत घर्षण सोसावे लागते, म्हणून तेथे चपट्या पेशींचे अनेक थर असतात. वृक्कनलिकांतील घनाकार पेशी गाळलेल्या द्रवातून उपयुक्त पाणी व क्षार परत शोषतात. लहान आतड्यातील उंच, स्तंभाकार पेशींवरील सूक्ष्म उंचवटे अन्नरस शोषण्याचे क्षेत्र वाढवतात. श्वासनलिकेतील पेशींवरचे रोम धूलिकणांनी माखलेला कफ घशाकडे ढकलतात. मूत्राशयाचे अस्तर तो भरताना ताणले जाते व रिकामा होताना पूर्ववत होते. घाम, लाळ व पाचकरस स्रवणाऱ्या ग्रंथीही अभिस्तर पेशींच्याच बनलेल्या असतात.

सतत झिजणाऱ्या या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. लहान आतड्याचे अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत नवे होते. मात्र विभाजनाचा वेग आणि बाह्य घातक द्रव्यांशी येणारा थेट संपर्क यांमुळे येथे बिघाडाची शक्यताही अधिक असते. प्रौढांमधील बहुसंख्य कर्करोग अभिस्तर पेशींतूनच उद्भवतात. धूम्रपानाने श्वासनलिकेतील रोमयुक्त पेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी चपट्या पेशी येतात. मग कफ बाहेर टाकण्यासाठी केवळ खोकल्याचाच आधार उरतो. तंबाखू व सुपारी चघळण्याच्या सवयीने तोंडाच्या अस्तरात असेच घातक बदल घडतात.

हे अस्तर पृष्ठभागावर असल्याने त्यातील बदल लवकर दिसू शकतात, हीच त्यातील जमेची बाजू होय. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण वेदना नसली तरी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.