नाताळ, कुपारी आणि वसईची मोठी घरं

आज आपण नाताळाविषयी बोलणार आहोत, पण चर्चमधल्या नाताळाविषयी कमी आणि घरातल्या नाताळाविषयी जास्त. आम्ही वसईकर, त्यामुळे उदाहरणं वसईचीच घेतो. प्रश्न साधा आहे : एवढी राज्यं बदलली, तरी हा सण इथे टिकला कसा? आमचं उत्तर असं, की तो मोठ्या कुटुंबाने टिकवला. आणि मोठं कुटुंब म्हणजे काय, हेही इथे नीट समजून घ्यावं लागतं.

सुरुवात शब्दापासून करू. 'नाताळ' हा मुळात पोर्तुगीज शब्द, 'नाताल'. अर्थ जन्मासंबंधीचा. पाव, बटाटा, चावी, पाद्री हे शब्द ज्या गलबतांतून आले, त्याच गलबतांतून हाही आला आणि मराठीत इतका मुरला की आज कुणाला परका वाटत नाही. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा. म्हणजे ऐन नाताळाच्या दोन दिवस आधी! पुढची २०५ वर्षं इथे पोर्तुगीज सत्ता होती. त्या काळात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. त्यात श्रद्धा होती, सत्तेचा दाबही होता. दोन्ही गोष्टी मान्य करूनच पुढे जायला हवं.

आता दुसरा शब्द बघा, 'कुपारी'. वसईतले सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला, असं मानलं जातं. कोंपाद्रे म्हणजे कोण? बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता लागतो. तो धर्मपिता आणि मुलाचे आईवडील यांच्यात जे नातं जुळतं, त्याचं नाव कोंपाद्रे. हे नातं नुसतं मानायचं नव्हतं. चर्चने ते इतकं खरं धरलं, की अशा धर्मनात्यात लग्न करायलाही दीर्घकाळ बंदी होती. आता विचार करा, एक अख्खा समाज आपली ओळख कशावरून सांगतो? जातीवरून नाही, गावावरून नाही, तर जोडलेल्या नात्यावरून. रक्ताच्या कुटुंबाला त्यांनी एक मोठा सोपा काढला आणि त्यात शेजारी, मित्र, वाडीतले भागीदार असे सगळे आणून बसवले. नाताळच्या पंगतीला जी पन्नास माणसं दिसतात, त्यातली निम्मी अशी 'केलेली' असतात.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ल्यातली तटबंदीच्या आतली मोठमोठी चर्चं ओस पडत गेली. युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले. मागे राहिले देशी धर्मगुरू आणि केळीच्या, पानवेलीच्या वाड्या करणारे शेतकरी. ज्या राज्याच्या आश्रयाने हा धर्म इथे आला, ते राज्यच गेलं. तरी सण राहिला. का? कारण तोवर तो स्वयंपाकघरात शिरला होता.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. चर्चमधली मिसा कित्येक शतकं लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट करून दिली आणि त्यानंतर वेदीवर मराठी आली. पण घरात? घरात आजी सामवेदीत, म्हणजे कादोडीत बोलायची, शेजारच्या पाड्यावर वाडवळीत बोलायची. येशूजन्माची गोष्ट नातवंडांना कळली ती या बोलींतून. म्हणजे आपल्या भाषेतला नाताळ आधी घरात झाला, मग चर्चमध्ये.

घराचं दप्तर कुणी लिहून ठेवत नाही. पदार्थ हेच त्याचं दप्तर. नेवरी घ्या. सारण भरून मुरड घातलेली, तळलेली. दिवाळीची करंजीच ती. ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे फुगे घ्या. काट्यावर वळलेले कलकल घ्या. या पदार्थांचं वैशिष्ट्य काय, सांगा पाहू? यातलं काहीही एकट्या माणसाने करायचं नाही. एकीने लाटायचं, दुसरीने भरायचं, तिसरीने कढईपाशी बसायचं, पोरांनी कलकल वळायचे, पुरुषांनी कामट्या तासून चांदणी बांधायची. मग ताट झाकून शेजारच्या हिंदू घरी जायचं, कारण दिवाळीत तिकडून फराळ आलेला असतो. आणि ताट रिकामं परत करायचं नाही, हा तर दोन्ही घरांचा नियम.

इंग्रजांनी पुढे वेगळा नाताळ आणला. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' १८४३ ची. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं चित्र छापून आलं, सजवलेल्या झाडाभोवती उभं असलेलं. घरच्या शेकोटीपाशी आईबाप आणि मुलं, असा तो नाताळ. आमच्याकडे झाड आलं, केक आला, कार्डं आली. पण ओसरी काही चौकोनी झाली नाही.

ती झाली आत्ता. वाड्या विकल्या गेल्या, इमारती उठल्या, २००९ मध्ये महानगरपालिका आली, मुलं परदेशी गेली. मग लोक म्हणतात, 'पूर्वीचा नाताळ राहिला नाही.' इथे जरा थांबू. पूर्वीच्या नाताळात घरच्या सुना पहाटेपासून रात्रीपर्यंत कढईपुढे असत आणि पंगतीला शेवटी बसत. आमच्या घरीही तसंच होतं. एका वर्षी आमची काकू म्हणाली, 'तुम्हाला आठवते नेवरी, मला आठवते पाठ.' हे ऐकल्यावर नुसता गहिवर काढणं बरं नाही.

तेव्हा जपायचं काय? घराचा आकार आपल्या हातात नाही. पण 'कुपारी' हा शब्द आपल्याला सांगतो की कुटुंब जन्माने मिळतं तसंच ते करताही येतं. पूर्वजांनी ते बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी केलं. आपण ते इमारतीच्या गच्चीवर करू शकतो. समोरच्या दारातलं एकटं म्हातारं जोडपं, भाड्याने राहणारी पोरं, यांना २४ तारखेला पीठ मळायला बोलवा. मात्र लाटणं पुरुषांच्याही हाती द्या आणि काकूला पहिल्या पंगतीला बसवा.

इतिहास आपल्याला एवढंच शिकवतो, मंडळी. पुढच्या वेळी वाडवळ आणि सामवेदी लग्नगीतांकडे वळू.