चौकोनांची वर्गवारी : मळखेड ते उस्मानिया

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. हे गाव पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील गुलबर्गा भागात मोडत असे. महावीराचार्यांनी चौकोनाचे पाच प्रकार मानले : चारही बाजू समान असलेला सम, समोरासमोरच्या बाजू समान असलेला द्विद्विसम, दोन बाजू समान असलेला द्विसम, तीन बाजू समान असलेला त्रिसम आणि सर्व बाजू भिन्न असलेला विषम. क्षेत्रफळ काढण्यासाठी ढोबळ आणि सूक्ष्म असे दोन मार्ग सांगणाऱ्या या ग्रंथात बाजूंवरून वर्गवारी व्हावी हे स्वाभाविकच होते, कारण जमीन मोजणाऱ्याच्या हाती प्रथम बाजूच येतात.

परंतु बाजू कळल्या म्हणून चौकोन कळतोच असे नाही. ही उणीव भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त अत्यंत परखडपणे दाखवली. प्रत्येक बाजू २५ असलेल्या चौकोनाचे कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६०० येते, कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६, आणि दोन्ही कर्ण समान असतील तर ६२५. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि ते सांगू पाहणाऱ्यालाही त्यांनी पिशाच म्हटले. कर्ण समान आहेत की असमान, हा वर्गवारीचा निकष झाला, ही या विषयातील फार मोठी झेप होय.

हैदराबादच्या शाळा-महाविद्यालयांत मात्र भूमिती वेगळ्या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाचे सरदार अमीर शम्स-उल-उमरा यांनी विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणवून छापली. पुढे १९१७ मध्ये दार-उल-तर्जुमा हे भाषांतर खाते स्थापन झाले आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथे शिकणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला चौरस ‘मुरब्बा’, आयत ‘मुस्ततील’ आणि समभुज चौकोन ‘मुअय्यन’ म्हणून भेटला. ही नावे युक्लिडच्या अरबी परंपरेतून आलेली होती, आणि युक्लिडने आपल्या व्याख्यांत या आकृत्या एकमेकींपासून अलग ठेवल्या होत्या : त्याच्या लेखी आयताच्या लगतच्या बाजू असमानच असाव्या लागत, त्यामुळे चौरस हा आयत ठरत नसे.

आजची पाठ्यपुस्तके चौरसाला आयतही मानतात आणि समभुज चौकोनही. हा बदल शिकणाऱ्याच्या हिताचाच आहे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात हे एकदा सिद्ध केले की आयत, समभुज आणि चौरस यांच्यासाठी वेगळी सिद्धता लागत नाही. तरीही मुलांना हा बदल जड जातो. डच शिक्षणतज्ज्ञ पिएर व डीना वान हिले यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार मूल प्रथम आकृतीचे रूप ओळखते, मग तिचे गुणधर्म, आणि त्यानंतरच एका वर्गात दुसरा सामावतो हे त्याला उमगते. महाराष्ट्रात आठवीच्या वर्गात चौकोनाची रचना करताना चार बाजूंच्या जोडीला एक कर्ण दिला जातो, आणि भास्कराचार्यांचा आक्षेप तेथे विद्यार्थ्याला स्वतःच्या कंपासपट्टीने पडताळता येतो.