दिवेआगरचा मराठी ताम्रपट : आद्य मराठी लेखकांपुढील अडथळे व त्यांचे निराकरण

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'पासून अथवा महानुभाव गद्यापासून केला जातो. त्यापूर्वीचे शिलालेख व ताम्रपट भाषेच्या प्राचीनत्वाचे पुरावे म्हणून पहिल्या प्रकरणात येतात. त्यांचा शक व स्थळ नोंदविले की वाङ्मयाचा इतिहासकार ग्रंथकारांकडे वळतो. वास्तविक कोरीव लेख हाही कोणीतरी विचारपूर्वक रचलेला मजकूर असतो. तो रचणाऱ्यापुढे भाषेची निवड, रचनेचा साचा, लेखनाचे साधन आणि अपेक्षित वाचक असे सर्व प्रश्न उभे असतात. हेच प्रश्न पुढे प्रत्येक ग्रंथकारापुढे उभे राहिले.

लेखनातील अडथळा म्हटले की आज लेखकाच्या मनातील अडथळा डोळ्यांपुढे येतो. शब्द न सुचणे, आत्मविश्वास ढळणे, हाती घेतलेले काम अर्धवट राहणे ही त्याची परिचित रूपे होत. अकराव्या शतकात मराठीत लिहू पाहणाऱ्याचा अडथळा मात्र प्रामुख्याने त्याच्या बाहेर होता. ज्या भाषेत तो बोलत होता, तिच्यात राजपत्रे लिहिण्याची प्रथा रुळलेली नव्हती. हा अडथळा कसा ओलांडला गेला, याचा विचार रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथील मराठी ताम्रपटाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

दिवेआगर व तेथील ताम्रपट

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे समुद्रकाठचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव. कोकणात 'आगर' हा शब्द अशा बागायतीसाठीच वापरला जातो. शिलाहार काळात हा प्रदेश उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या सत्तेखाली होता. येथील रूपनारायणाची दशावतारांनी वेढलेली पाषाणमूर्ती पाहिली म्हणजे त्या काळी या गावात शिल्पकला, विद्या आणि दानधर्म यांना आधार देणारा सधन समाज नांदत होता, हे ध्यानात येते.

दिवेआगरचा मराठी ताम्रपट सामान्यतः शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा मानला जातो. काही ठिकाणी त्याचा काळ इ.स. १०८६ असाही दिलेला आढळतो. काळाबद्दलचा हा मतभेद जमेस धरला तरी केवळ मराठीत लिहिलेल्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, याविषयी दुमत नाही. 'घैसास' या कोकणी आडनावाचा एक प्राचीन उल्लेख म्हणूनही हा ताम्रपट ओळखला जातो. आजही प्रचारात असलेले आडनाव साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या पत्र्यावर आढळावे, ही साधी गोष्ट नव्हे. हा मजकूर गावातील प्रत्यक्ष माणसांच्या व्यवहारासाठी लिहिला गेला होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

मराठीतील 'पहिला' लेख कोणता, हा वाद जुना आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याचा लेख दीर्घकाळ इ.स. ९८३ चा व म्हणून आद्य समजला जात असे. पुढे तो बाराव्या शतकातील असल्याचे मत मान्यता पावले. अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेखाचा शक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ९३४ म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला. त्या वाचनाविषयीही चर्चा झाली आहे. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील लेख शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा आहे. क्रमांकाच्या या वादात एक महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षिली जाते. कोकणाची किनारपट्टी आणि भीमेचे खोरे अशा परस्परांपासून दूर असलेल्या प्रदेशांत, एकाच शतकात, निरनिराळ्या लेखकांना मराठीत लिहिण्याची गरज भासली. ही गरज कोठून निर्माण झाली, हा खरा प्रश्न आहे.

भाषेच्या प्रतिष्ठेचा अडथळा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक तुलना उपयोगी पडते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखही शके ९८२ चाच आहे. तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील असून संस्कृतात आहे. दिवेआगरच्या ताम्रपटाचा सर्वसामान्यतः स्वीकारलेला शक ग्राह्य धरल्यास एकाच राज्यात, एकाच वर्षात एक लेख संस्कृतात आणि दुसरा मराठीत लिहिला गेला, असे म्हणावे लागते. संस्कृत मागे पडली आणि मराठी पुढे आली, असा सरळ क्रम येथे दिसत नाही. दोन्ही भाषा शेजारी नांदत होत्या व त्यांची कार्यक्षेत्रे भिन्न होती.

शिलाहारांच्या संस्कृत दानपत्रांची रचना ठरीव असे. आरंभी मंगलाचरण व राजवंशाची प्रशस्ती, त्यानंतर राजाची बिरुदे, अमात्यांची नावे, तिथी, प्रतिग्रहीत्याचे गोत्र, दिलेल्या भूमीच्या चतुःसीमा आणि अखेरीस दानाचे अपहरण करणाऱ्यास शाप, असा तिचा क्रम होता. या साच्यात लेखकाला प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागत नसे. शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेली वाक्ये त्याच्या हाताशी असत. मराठीत लिहिणाऱ्यापाशी यांपैकी काहीच तयार नव्हते. त्याच्या भाषेत प्रशस्तीची परंपरा नव्हती व कायदेशीर परिभाषाही स्थिरावली नव्हती. शब्द कसा लिहावा, याचाही सर्वमान्य नियम नव्हता.

या अडचणीतून आद्य लेखकांनी काढलेला मार्ग व्यवहारी होता. संस्कृत दानपत्राची चौकट त्यांनी टाकून दिली नाही. स्वस्तिवचन, शकाचा उल्लेख व बिरुदे यांसाठी त्यांनी संस्कृताचाच आधार घेतला आणि व्यवहाराचा गाभा आपल्या बोलीत उतरविला. कोणी, काय, कोणाला दिले, हे सांगताना संस्कृत विभक्ती सुटते आणि मराठी प्रत्यय येतो. नव्या भाषेत लिहिणाऱ्याने जुन्या साच्याचा आधार घेणे ही त्याची दुबळी बाजू समजली जाते. येथे मात्र त्या आधारामुळेच नव्या भाषेला लेखनात पाऊल टाकता आले.

हीच विभागणी पुढील काळात अधिक स्पष्ट होते. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ म्हणजे इ.स. १२०६ चा शिलालेख याचे उत्तम उदाहरण होय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची माहिती त्यात आहे. विद्वानांच्या वंशाचे वर्णन संस्कृतात आहे. त्या मठासाठी लावून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत येतो. ज्यांच्याकडून हे उत्पन्न यावयाचे, त्या शेतकरी-व्यापाऱ्यांना तो कळणे आवश्यक होते. थोडक्यात, गौरव संस्कृतात आणि हिशेब मराठीत, अशी ही वाटणी होती. मराठी गद्याचा पाया या हिशेबाच्या ओळींत घातला गेला.

साधनाचा अडथळा

दुसरा अडथळा साधनाचा होता. ताम्रपट तयार करण्याची सर्वसाधारण पद्धत अशी होती : तांबे ठोकून पत्रा करावयाचा, अक्षरे घासली जाऊ नयेत म्हणून अनेकदा त्याच्या कडा उचलून घ्यावयाच्या, जाणत्या लेखकाने त्यावर मजकूर लिहावयाचा आणि कारागिराने तो छिन्नीने कोरावयाचा. मजकूर रचणारा, तो पत्र्यावर लिहिणारा आणि कोरणारा या तीन व्यक्ती भिन्न असू शकत. कोरणारा सोनार वा कांसार असे आणि त्याला अक्षरांचा अर्थ कळतच असे, असे नव्हे. अशा वेळी एखादी मात्रा सुटे, सारखी दिसणारी अक्षरे एकमेकांच्या जागी पडत. चूक दुरुस्त करावयाची तर तेवढा भाग ठोकून सपाट करावा लागे व त्यावर पुन्हा कोरावे लागे. गळलेले अक्षर ओळीच्या वर वा समासात घातलेले अनेक ताम्रपटांत आढळते.

संस्कृत मजकुरातील चूक वाचकाला सहज हेरता येते, कारण शुद्ध रूप त्याला आधीपासून ठाऊक असते. आद्य मराठी लेखाच्या बाबतीत तशी सोय नाही. शब्द सलग लिहिलेले असतात, विरामचिन्ह म्हणून फार तर दंड असतो. 'श' व 'स' यांची अदलाबदल होते आणि 'ख'च्या जागी 'ष' येतो. यांपैकी उच्चाराचे प्रतिबिंब कोणते, लेखनाची रूढी कोणती आणि कोरणाऱ्याचा प्रमाद कोणता, हे ठरविणे आधुनिक संशोधकालाही कठीण जाते. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथाचे महत्त्व येथेच आहे. विखुरलेले लेख एकत्र आणून त्यांचे वाचन, अर्थ व चिकित्सा त्यांनी अभ्यासकांपुढे ठेवली. आद्य लेखकाने ओलांडलेला अडथळा नंतरच्या वाचकाला पुन्हा उलट दिशेने ओलांडावा लागतो, याची जाणीव हा ग्रंथ करून देतो.

धातूवर लिहिण्याचा लेखनशैलीवरही परिणाम झाला. पत्र्यावर जागा मोजकी आणि प्रत्येक अक्षराला श्रम पडत. त्यामुळे आरंभीच्या मराठी लेखांतील वाक्ये आखूड व नेमकी असतात. विशेषणे विरळ, नामे व संख्या भरपूर. या काटकसरीला साधनाचा संकोच बऱ्याच अंशी कारणीभूत होता.

निरक्षर वाचकाचा प्रश्न

तिसरा अडथळा सर्वांत मूलगामी होता. ज्यांच्यासाठी लेख लिहावयाचा, त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. अक्षीच्या शिलालेखात या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. केशिदेव राजाच्या प्रधानाने देवीसाठी लावून दिलेल्या दानाची नोंद या लेखात आहे. शिळेच्या वरच्या भागात सूर्य-चंद्र कोरले आहेत आणि खाली गधेगाळ म्हणून ओळखले जाणारे शापशिल्प आहे. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान टिकावे आणि जो ते मोडील त्याच्या कुळाची अप्रतिष्ठा व्हावी, असा या चित्रांचा आशय होय. ज्याला अक्षर कळत नाही त्याला चित्र कळावे, ज्याला चित्राचा तपशील उमगत नाही त्याने निदान लेखाची भीती बाळगावी आणि ज्याला अक्षर येते त्याने मराठी मजकूर इतरांना वाचून दाखवावा, अशी ही योजना होती.

मोठ्याने वाचला असता ऐकणाऱ्याला कळेल, हीच मराठी लेखाची कसोटी होती. संस्कृत लेख वाचून दाखविला तरी त्याचा अर्थ पुन्हा सांगावा लागे. मराठी लेखाच्या बाबतीत वाचन आणि अर्थकथन ही एकच क्रिया झाली. दिवेआगरसारख्या गावात व्यवहाराची नोंद मराठीत करण्याचे कारण भाषाभिमानात शोधण्यापेक्षा या सोयीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

अडथळ्यांचा पुढील टप्पा

कोरीव लेखांपासून ग्रंथांपर्यंतच्या प्रवासात हेच अडथळे नव्या रूपात पुन्हा उभे राहिलेले दिसतात. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा संकलित केल्या. त्यांच्यापाशी मराठी गद्यचरित्राचा कोणताही नमुना नव्हता. ज्यांनी लीळा पाहिल्या वा ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्या मिळवाव्यात आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्याव्यात, ही पद्धती त्यांनी स्वतः घडविली. याच पंथात केशिराजबासांनी संस्कृत रचनेकडे वळू पाहिले, तेव्हा त्यामुळे सामान्य स्त्रिया ज्ञानाला पारख्या होतील, अशी हरकत नागदेवाचार्यांनी घेतल्याची परंपरा सुप्रसिद्ध आहे. वाचकाला समोर ठेवून भाषा ठरविण्याचा जो निर्णय किनाऱ्यावरील लेखांत मूकपणे घेतला गेला होता, त्याला येथे शब्द मिळाले.

महानुभाव परंपरेनुसार चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ते पुन्हा सिद्ध केले. त्याचे एकाहून अधिक पाठ आज उपलब्ध असण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत जतन केले. त्यांतील सकळ लिपीचा उलगडा करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे. ताम्रपटाचा लेखक धातूच्या टिकाऊपणावर विसंबला. 'लीळाचरित्रा'च्या अनुयायांना मात्र माणसांच्या स्मृतीवर विसंबावे लागले.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, आद्य मराठी लेखकांनी अडथळे ओलांडले ते परंपरेपासून फारकत घेऊन नव्हे. संस्कृताचा साचा, कारागिराची छिन्नी आणि शिल्पकाराचे चित्र यांपैकी जे हाताशी होते ते त्यांनी वापरले व उरलेली जागा आपल्या भाषेने भरली. दुसरी अशी की, 'कोणत्या भाषेत लिहावे' या प्रश्नाचे उत्तर त्यांना 'हे कोणाला कळले पाहिजे' या प्रश्नातून मिळाले.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर तिच्या प्राचीनत्वाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. त्या चर्चेत शकांच्या मोजणीपेक्षा या लेखकांच्या कामाला अधिक स्थान मिळावयास हवे आणि पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कोरीव लेखांचा समावेश गद्यलेखनाचे नमुने म्हणूनही व्हावयास हवा. दिवेआगरलाच १९९७ साली सापडलेला गणेशाचा सुवर्ण मुखवटा मार्च २०१२ मध्ये चोरीस गेला आणि चोरांनी तो वितळविला. नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना २०२१ साली झाली. सोन्याचे रूप वितळले की मूळ कृती हरपते. तांबेही वितळते आणि दानपत्रांचे असे किती पत्रे भांड्यांत मिसळून गेले असतील, याची गणती नाही. परंतु जो मजकूर एकदा वाचला, प्रसिद्ध केला आणि शिकविला गेला, तो धातूवर अवलंबून राहत नाही. दिवेआगरच्या लेखकाने आपल्या वाट्याचे काम अकराव्या शतकात केले. तो मजकूर वाचता ठेवण्याचे काम आजच्या अध्यापकांकडे आहे.