निकेल फेसावर कसं तरंगतं? फेनतरण म्हणजे काय आणि ते कुठे अडतं

मुंबई-गोवा महामार्गावर पेण सोडून गडबच्या पट्ट्यात आलं की डोलवीचा पोलाद कारखाना दिसतो. साध्या पोलादाला निकेल लागत नाही. पण ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये ते साधारण ८ टक्के असतं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांतही लागतं. भारताची निकेलची गरज मुख्यतः आयातीवर भागते. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत निकेल आहे.

खाणीतल्या दगडात निकेल जेमतेम १-२ टक्के. उरलेला दगड भट्टीत घालणं परवडत नाही, म्हणून आधी तो वेगळा करायचा. त्यासाठीची पद्धत म्हणजे फेनतरण, इंग्रजीत फ्रॉथ फ्लोटेशन. दहावीच्या विज्ञानात पाइन तेलाचं उदाहरण वाचलं असेल, तेच हे.

तत्त्व काय?

अळवाच्या पानावर पाणी टिकत नाही, घरंगळून जातं. खनिजाच्या कणाचंही तसं करता येतं. धातुक पिठासारखं दळून पाण्यात कालवतात आणि झँथेट नावाचं रसायन घालतात. ते निकेलच्या सल्फाइड खनिजाला, म्हणजे पेंटलँडाइटला चिकटतं आणि त्याचा पृष्ठभाग पाणी झिडकारू लागतो. मग खालून हवा सोडली की हे कण बुडबुड्यांना धरून वर येतात, ओली होणारी माती तळाशी राहते. वरचा फेस काढून वाळवला की निकेलचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये जस्तासाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आली. झँथेट १९२५ च्या सुमारास आलं.

मग अडतं कुठे?

पुस्तकात सांगत नाहीत ती गोष्ट ही, की निकेलच्या दगडात नको ते कणही तरंगतात. टाल्क, म्हणजे पावडरच्या डब्यातलं खनिज, मुळातच पाणी झिडकारतं, त्यामुळे काही न घालताच फेसात शिरतं. सर्पेंटाइनची तऱ्हा वेगळी. त्याचा बारीक गाळ धन विद्युतभाराचा, पेंटलँडाइट ऋण भाराचा. दोघं चिकटतात आणि चांगला कण चिखलात माखून बुडतो. या दोन्ही खनिजांत मॅग्नेशियम असतं. ते भट्टीत गेलं की मळी घट्ट होते, वितळवायला उष्णता जास्त लागते.

उपाय म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, तेच जे आइस्क्रीम घट्ट ठेवायला वापरतात! ते टाल्कला ओलं करून खाली ठेवतं आणि सर्पेंटाइनचा भार उलटवून गाळ सुटा करतं. मात्रा जास्त झाली तर मात्र निकेलही दबतं. दळण्याचंही तसंच: जाडं ठेवलं तर खनिज दगडातच अडकून राहतं, फार बारीक केलं तर गाळ वाढतो. योग्य मापासाठी प्रत्येक खाणीच्या दगडाच्या चाचण्या घ्याव्या लागतात.

तिसरा उपद्रवी पायरोटाइट. त्यात गंधक भरपूर, निकेल नगण्य. कॅनडातल्या सडबरीत तो रसायनांनी दाबून बाजूला काढतात, म्हणजे भट्टीतून सल्फर डायऑक्साइड कमी बाहेर पडतो.

आपल्याकडे काय?

रायगडमधल्याच तळोज्यात हिंदुस्थान कॉपरचा तांब्याचा वायर रॉड बनवण्याचा कारखाना आहे. याच कंपनीच्या मध्य प्रदेशातल्या मलाजखंड खाणीत तांब्यासाठी फेनतरण चालतं. निकेलचा मोठा साठा मात्र ओडिशातल्या सुकिंद्यात आहे, आणि तो जांभ्या प्रकारचा. तिथे निकेल लोहाच्या ऑक्साइडमध्येच मुरलेलं असल्याने वेगळा कणच नाही, मग बुडबुडा धरणार कशाला? त्यासाठी आम्लात विरघळवण्यासारखे रासायनिक मार्ग लागतात. गोव्यात कुंकळ्ळीला वेदांताने २०२१ मध्ये निकेल-कोबाल्टचा कारखाना घेतला, त्याचं कामही रासायनिकच. सुकिंद्यात क्रोमाइट काढताना वरची निकेलयुक्त माती अजून ढिगांतच पडते.