गुणतक्त्यातला संकेतार्थ

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यांपैकी इतिहासाला बहुधा पहिला पुरतो. 'असे झाले असते तर तसे झाले असते' या संकेतार्थाशी इतिहासकाराने फार सलगी करू नये, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. मुंबईच्या रणजी क्रिकेटचा इतिहासही असाच स्वार्थात लिहिला गेला आहे. एकूण ४२ विजेतेपदे; त्यांतली १९५८-५९ ते १९७२-७३ ही सलग १५. आकडे इतके भरघोस आहेत की साखळीच्या अखेरीस या संघालाही कधी 'जर' आणि 'तर' मोजत बसावे लागते, हे विसरून जायला होते.

पूर्वी ते फारसे मोजावे लागतही नसे. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सुरू झाली. पश्चिम विभागात मुंबईपुढे महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. विभागातून एकच संघ पुढे जाई आणि तो कोण असणार, याविषयी बहुतेकांच्या मनात शंका नसे. १९७०-७१ पासून दोन संघांना वाट मिळाली. खरा बदल झाला तो २००२-०३ मध्ये. विभाग मोडले, एलिट आणि प्लेट असे दोन स्तर आले, आणि वरच्या स्तरातून खाली घसरण्याची भीती सर्वांना सारखीच लागू झाली.

ती भीती मुंबईने २००६-०७ मध्ये जवळून पाहिली. अमोल मुझुमदारच्या नेतृत्वाखालील संघ मोसमाच्या आरंभी पराभवांमुळे गटाच्या तळाशी होता. तेथून तो उपांत्य फेरीत पोहोचला, आणि बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलक लागला ५ बाद ०. पाच गडी गेले, धाव एकही नाही. त्या पडझडीतून डाव सावरला तो विनायक सामंत आणि नीलेश कुलकर्णी यांच्यासारख्या तळाकडच्या फलंदाजांनी. डोंबिवलीत जन्मलेला हा कुलकर्णी कसोटीत टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा. पण त्याच १९९७ च्या कोलंबो कसोटीत श्रीलंकेने पुढे ६ बाद ९५२ धावा केल्या. सुख-दुःखाचे इतके विषम वाटप एका माणसाच्या एका सामन्यात क्वचितच झाले असेल. असो. मुंबईने तो उपांत्य सामना जिंकला आणि अंतिम फेरीत बंगालला १३२ धावांनी हरवून ३७ वे विजेतेपद घेतले. आज यादीत ते इतर विजेतेपदांसारखेच एका ओळीत बसते.

जानेवारी २०२५ चा प्रसंग मात्र याहून अधिक बोलका आहे. मुंबई गतविजेती होती. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात बडोद्याने तिला ८४ धावांनी हरवले होते. मग वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर जम्मू-काश्मीरने ५ गडी राखून हरवले, तेही रोहित शर्मा, यशस्वी जैस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर असा भरभक्कम संघ असताना. मुंबईचा पहिला डाव १२० धावांत आटोपला. दोन्ही डावांत टिकला तो पालघरचा शार्दूल ठाकूर: ५१ आणि ११९.

एक फेरी उरली, तेव्हा गुण असे होते: जम्मू-काश्मीर २९, बडोदा २७, मुंबई २२. पुढे जाणार दोघे. निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी १. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला ३, पिछाडीला १. मेघालयाला डावाने हरवले तरी मुंबईची बेरीज २९. त्याच वेळी वडोदऱ्यात वरचे दोघे समोरासमोर. बडोद्याने नुसती आघाडी घेऊन सामना अनिर्णित राखला असता, तर दोघेही ३० वर जाऊन मुंबई बाहेर पडली असती. बडोदा जिंकला असता, तर जम्मू-काश्मीर आणि मुंबई २९ वर अडकून पुढचे निकष लावावे लागले असते. म्हणजे ज्यांनी आपल्याला हरवले, त्याच दोघांच्या झुंजीवर आपले भवितव्य!

रोहित, यशस्वी आणि श्रेयस आता संघात नव्हते. शार्दूलने त्रिक्रम साधला, मेघालय ६ बाद २ असा कोसळला आणि ८६ धावांत संपला. मुंबईने ७ बाद ६७१ वर डाव घोषित केला. एवढे लांबवण्यामागे त्या 'पुढच्या निकषां'चा विचार असावा, असे मला वाटते. विजय एक डाव आणि ४५६ धावांनी. २०१८-१९ मध्ये रणजीत आलेल्या मेघालयाच्या वाट्याला या हिशेबात केवळ मोजपट्टी होणे आले, हे बोचतेच.

नौपाड्यात राहणाऱ्याला या तक्त्यात आणखी एक विसंगती दिसते. त्याच गटात महाराष्ट्राचाही संघ होता. राज्याच्या नकाशात नौपाडा महाराष्ट्रात, पण रणजीच्या नकाशात ठाण्याचा मुलगा मुंबईचा. गोखले रोडवर बॅट खांद्याला लावून स्टेशनकडे निघालेल्या मुलाला हा भेद शिकवावा लागत नाही. लोकलच्या पहिल्या डब्याबरोबरच तो अंगवळणी पडतो. त्या मुलाच्या दृष्टीने बाद फेरी म्हणजे निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर राहण्याचे आणखी काही दिवस. कसोटीपटू राष्ट्रीय संघाकडे परततात. साखळीतच मोसम संपला तर त्याचे वर्ष तिथेच संपते.

वडोदऱ्यात जम्मू-काश्मीर १८२ धावांनी जिंकले. तेच जम्मू-काश्मीर, जे १९५९-६० मध्ये, मुंबईच्या सलग विजेतेपदांच्या काळात, या स्पर्धेत आले आणि ज्यांच्याशी गाठ म्हणजे हक्काचे गुण असे दीर्घकाळ मानले गेले. त्यांनी आठवडाभरात मुंबईला आधी संकटात टाकले आणि मग तारले. अंतिम तक्ता: ३५, २९, २७. उपांत्यपूर्व फेरीत मुंबईने कोलकात्यात हरियाणाला हरवले. उपांत्य फेरीत नागपूरला विदर्भाकडून ८० धावांनी हरली, आणि त्या वर्षीचा करंडक विदर्भाने घेतला.