शेगडीपासून नळापर्यंत

संपादिकाबाईंनी मंडळाच्या स्वयंपाकघराचा इतिहास लिहावयास सांगितले, तेव्हा मी पदार्थांची यादी काढून बसले होते. त्या म्हणाल्या, "पदार्थ सर्वांच्या जिभेवर आहेत. तुम्ही विस्तवावर लिहा." येत्या सर्वसाधारण सभेत नळाचा गॅस घ्यावा की टाक्याच ठेवाव्यात हा प्रश्न यावयाचा आहे. म्हणून मीही ते मानले.

माझे बालपण लालबागेत गेले. तेथील गॅस कंपनी लेन पुष्कळजणींच्या पायांखालची आहे, पण हे नाव कशावरून पडले, हे नव्या मुलींना सांगावे लागते. मुंबईच्या काही रस्त्यांवर १८६५ साली प्रथम गॅसचे दिवे लागले. हा गॅस बॉम्बे गॅस कंपनी तयार करी. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवावयाचा, निघालेला वायू धुऊन मोठ्या टाकीत साठवावयाचा आणि जमिनीखालील नळांनी शहरात सोडावयाचा, अशी रीत होती. पुढे दिव्यांचे काम विजेने घेतले आणि हा वायू हॉटेलांच्या, इस्पितळांच्या व सुखवस्तू घरांच्या चुलीकडे वळला. म्हणजे "नळाचा गॅस" ही आजची नवलाई नव्हे. पणजीच्या काळची गोष्ट नातीच्या वाट्याला पुन्हा आली आहे, इतकेच. फरक एवढा की तो कोळशाचा वायू मुळातच विषारी होता, कारण त्यात कार्बन मोनॉक्साइड असे.

आमच्या चाळीपर्यंत तो नळ कधी आला नाही. माझ्या आईची खाणावळ एका खोलीची. गिरणीतले तीस मेंबर, दोन वेळचे जेवण, पैसे पगाराला, खाडे धरून. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी भाकऱ्या झाल्या पाहिजेत म्हणून आई साडेतीनला उठे. दोन शेगड्या कोळशाच्या आणि एक घासलेटचा स्टो. खिडकी एकच, तीही गॅलरीकडे उघडणारी. तिथे मेंबर निजलेले असत, म्हणून तीसुद्धा अर्धी लावलेली. शेगडी फुलेपर्यंत धूर खोलीतच फिरे. आईने जन्मात कधी विडी ओढली नाही, पण तिची छाती विडी ओढणाऱ्यासारखी वाजे. साठी गाठण्यापूर्वीच ती गेली. तिच्या आजाराचे नाव आम्ही "दमा" म्हणून सांगत असू. शेगडीचे नाव त्या वेळी कोणी घेतले नाही.

टाकीतला गॅस मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने "बर्शेन" या नावाने आणला. ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरणाचे कारखाने निघाले आणि तेथे हा वायू हाताशी आला. १९६५ साली इंडियन ऑइलचा "इंडेन" निघाला. आमच्याकडे टाकी यावयास त्यानंतरही पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि आली ती घरगुती. तीवर आम्ही तीस माणसांचा स्वयंपाक करीत होतो, हे येथे कबूल करते. घरगुती टाकी धंद्याला वापरणे हा गुन्हा आहे. खाणावळ ही धंदा आहे असे आम्हा बायकांनाच तेव्हा वाटत नव्हते, मग इतरांना कोठून वाटणार? १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले, तेव्हा पहिल्यांदा आमच्या कामाला धंद्याचे नाव मिळाले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला. मेंबर गावी गेले, बाकी तशीच राहिली. त्या पडत्या काळातून आपल्या मंडळाचे पोळी-भाजी केंद्र उभे राहिले, ती हकीकत इतर लेखांत आली आहे.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते. केंद्रात आपण धंद्याची १९ किलोची टाकी वापरतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत मोदकांची मोठी मागणी आली. एका टाकीवर चार भट्ट्या लावल्या. दोन तासांत ज्योत मंदावली. बाहेर जाऊन पाहतो तो टाकीच्या खालच्या अंगाला पांढरे दंव साचलेले! आम्ही समजलो गॅस संपला. एकीने तर उकळते पाणी ओतण्यासाठी पातेले उचलले; सुदैवाने तिला अडविले. (असे कधीही करू नये.) नवी टाकी लावली, तिचेही तेच झाले. दोन्ही टाक्या परत दिल्या. गॅस पुरविणाऱ्याच्या माणसाने मुकाट्याने नेल्या, आणि त्या निम्म्या भरलेल्या होत्या हे आम्हाला मागाहून कळले.

कारण साधे आहे. टाकीत गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना तो उष्णता आपल्याच अंगातून घेतो, जसे माठातले पाणी झिरपून गार होते तसे. चार भट्ट्या एकदम ओढू लागल्या की टाकी गोठू लागते, वाफ होणे कमी होते आणि दाब पडतो. उपाय म्हणजे तीन-चार टाक्या एका नळीला जोडून त्यांच्यावर भार वाटून देणे. मोठ्या हॉटेलांत हीच सोय असते. आपण ती नंतर केली. मात्र ते शहाणपण मोदकांच्या तोट्यातून आले.

दुसरी गोष्ट जिवाची. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला तर जमिनीवर पसरतो, मोरीत आणि ओट्याखाली साचतो. म्हणून वाट खाली हवी. नळातला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका. तो वर चढतो, म्हणून वाट छताशी हवी. नळ घ्यावयाचा ठरल्यास नुसती नळी बदलून भागणार नाही. बर्नरची भोके मोठी करावी लागतील, कारण या वायूत मापाला उष्णता कमी असते, आणि वरचा झरोका मोकळा करावा लागेल, जेथे आज मंडळाच्या जुन्या वह्या रचल्या आहेत.

महानगर गॅस कंपनी १९९५ साली निघाली. तिचा वायू समुद्रातल्या विहिरींतून येतो, काही परदेशातून जहाजाने द्रवरूपात येतो. टाकीतल्या गॅसचाही निम्म्याहून अधिक भाग आपला देश बाहेरूनच आणतो. तेव्हा परदेशी भावाची धास्ती दोहोंतही आहे. नळाचा फायदा हा की साठा करावा लागत नाही, जिन्यावरून टाकी ओढावी लागत नाही, बिल वापरानंतर येते. तोटा हा की रस्ता खणताना नळ फुटला तर सगळ्या भट्ट्या एकदम थंड. विजेच्या शेगडीचाही विचार व्हावा असे आमच्या तरुण भगिनी म्हणतात. आमटी-भाताला ती उत्तम, धूर नाही, ज्योत नाही. भाकरी तिच्यावर फुगवून दाखवा, मग मी मत बदलीन.

वेळही अशी आली आहे की थांबून चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधन घेण्याचा आदेश दिला. पावाच्या भट्टीवाल्यांची त्यात ओढाताण झाली, आणि लाकडावरच्या पावाची चव गेली म्हणून हळहळणारेही पुष्कळ भेटतात. मला त्या चवीचे प्रेम आहे. पण भट्टीपुढे उभा राहणाऱ्याच्या छातीचा आवाज माझ्या ओळखीचा आहे.

माझे मत नळाच्या बाजूचे आहे, आणि अडीअडचणीसाठी दोन विजेच्या शेगड्या. कोषाध्यक्षीणबाई म्हणतात, ठेवीची रक्कम मुलींच्या शिष्यवृत्तीच्या निधीतून काढावी लागेल. त्याला माझा विरोध आहे. मोदकांच्या दोन हंगामांच्या नफ्यातून ती भरता येईल, असा हिशेब मी मांडला आहे. तो वहीत आहे; सभेआधी ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी दुपारी तीननंतर केंद्रात यावे, त्याआधी पोळ्या असतात.