सागरी सरीसृपांचे जीवाश्म : अस्सल, बनावट आणि जोडीव

लखनौ : येथील बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेची कोनशिला अनोखी आहे. प्रा. बिरबल साहनी यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतून जमविलेले जीवाश्म तीत बसविले आहेत. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ती बसविण्यात आली आणि आठवडाभरातच साहनी यांचे निधन झाले. ही शिला जोडीव आहे. मात्र ते कोणापासून लपविलेले नाही. जीवाश्मांच्या बाजारात जोडकाम लपविले जाते आणि त्याचीच किंमत वसूल केली जाते.

सागरी सरीसृपांच्या बाबतीत हा प्रकार विशेष फोफावला, याचे कारण मोरोक्कोतील फॉस्फेटच्या खाणी. मोसासॉर या प्राण्याचे दात आयुष्यभर पडत व नवे येत. त्यामुळे सुटे दात तेथे विपुल मिळतात आणि स्वस्त असतात. अखंड जबडा मात्र दुर्मीळ. साहजिकच अस्सल दात, हाडांचे तुकडे, वाळू आणि गोंद यांपासून ‘जबडे’ तयार होतात. म्हणून ‘हा जीवाश्म खरा आहे काय?’ हा प्रश्न अपुरा पडतो. यातील किती भाग एकाच प्राण्याचा आहे, हे विचारावयास हवे.

तज्ज्ञही यातून सुटत नाहीत. मोरोक्कोतील एका जबड्याच्या तुकड्यावरून २०२१ मध्ये ‘झेनोडेन्स’ या मोसासॉरचे वर्णन प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये अन्य संशोधकांनी त्यावर गंभीर शंका घेतली. मोसासॉरच्या प्रत्येक दाताला स्वतंत्र खोबण असते. येथे एकाच खोबणीत दोन दात दिसत होते. सी.टी. स्कॅन करून खातरजमा करावी, असा त्यांचा आग्रह होता.

सामान्य ग्राहकाने प्रथम हीच जागा पाहावी. अस्सल जबड्यात दाताचा मुकुट हाडाच्या जाड बैठकीवर उभा असतो. बनावट जबड्यात तो थेट वाळूत रोवलेला आढळतो. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून हाडाची सच्छिद्र रचना दिसते, तर प्लास्टर किंवा राळेत हवेचे गोल बुडबुडे दिसतात. खडकाला गेलेली भेग हाडातूनही पुढे गेली पाहिजे. ती हाडाच्या कडेशी थबकली, तर हाड नंतर बसविले असण्याचा संभव मोठा. मणक्यांकडेही लक्ष द्यावे. इक्थिओसॉरचा मणका दोन्ही बाजूंनी खोलगट, चकतीसारखा असतो. मोसासॉरचा पुढे खोलगट व मागे फुगीर असतो. दोन्ही एका माळेत आले, तर ती माळ माणसानेच ओवलेली.

अंधारात अतिनील दिवा धरल्यास गोंद व राळ बहुधा आजूबाजूच्या खडकाहून वेगळी चमकतात. विक्रेत्याच्या परवानगीने कोपऱ्यावर अॅसिटोनचा बोळा फिरविल्यास रंग सुटतो, काही गोंद मऊ पडतात. अर्थात नुसता गोंद सापडणे म्हणजे फसवणूक नव्हे. प्रामाणिक कारागीरही तुटलेले हाड सांधतो. गोंद भेगेपुरता आहे की प्रत्येक दाताभोवती, यावर निर्णय अवलंबून असतो.

चीनच्या ग्वेइचौ प्रांतातील किचौसॉरस हा लहानसा सरीसृपही संग्राहकांचा आवडता. त्याच्या नकला साच्यातून काढतात, कोरतात किंवा रंगवितात. दोन दुकानांतील पाट्यांवर शेपटीचा बाक व बोटांची ठेवण तंतोतंत सारखी असेल, तर साचा एकच समजावा.

जीवाश्म अस्सल असूनही त्याचा पत्ता खोटा असू शकतो. भारताला याचा कटू अनुभव आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातील म्हणून नोंदविलेले अनेक जीवाश्म परदेशांतील असल्याचे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले, त्यांत मोरोक्कोचे नमुनेही होते. हिमालयाच्या भूविज्ञानावरील संशोधन त्यामुळे वर्षानुवर्षे संशयाच्या छायेत राहिले. याउलट, कच्छमधील लोडाई येथे मिळालेला सुमारे साडेपाच मीटर लांबीचा इक्थिओसॉर २०१७ मध्ये जगापुढे आला, तो उत्खननाचे ठिकाण व खडकाचा थर यांच्या नोंदीसह. लखनौच्या पायाखाली तर गंगेच्या मैदानाचा गाळ आहे. ‘इथेच जवळपास सापडला’ असे सांगून कोणी इक्थिओसॉर विकू लागल्यास भिंगाचीही गरज नाही.

त्यामुळे पैसे देण्यापूर्वी नेमके गाव वा खाण, थर, मूळ देशाचा निर्यात परवाना, दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे आणि किती भाग पुनर्रचित आहे याचे लेखी निवेदन मागावे. मोठ्या रकमेचा नमुना पुराजीवशास्त्राच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवावा. केवळ छायाचित्रावरून दिलेले मत पुरेसे मानू नये. विक्रेता तपासणीला नकार देत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.